पायरी विसरलेले अण्णा

रोह्याच्या बाजारातून भाजी घेऊन मी नदीपलीकडच्या अष्टमी गावाला, घरी परतत होते. पुलाच्या मध्यावर असताना पिशवीतला फोन वाजला. पडद्यावर नाव होते ते माझ्या भाचीच्या सासऱ्यांचे. धरमतरच्या खाडीकाठी त्यांची मिठागरे आहेत; गाव त्यांना शेठ म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. शेठ स्वतः कुणाला फोन लावत नाहीत. आधी दुसरे कुणीतरी बोलते, ‘शेठ बोलतायत’ असे सांगते, मग ते येतात. त्या सकाळी मात्र फोनवर थेट त्यांचा आवाज होता. त्यांनी बातमी सांगण्याआधीच मला कळले, की एवढा मोठा माणूस स्वतः फोन करतो आहे त्याअर्थी काहीतरी संपले आहे. ते म्हणाले, “ताई, अण्णा गेले. मी हाय इथं, वहिनींजवळ. तुम्ही सावकाश या.”

मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली कुंडलिकेला ओहोटी लागली होती. त्यानंतर आजतागायत एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. भाऊ गेल्याचे दुःख माझ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी माझ्या मेंदूने मोजणी उरकून टाकली होती... कुणी फोन केला, कुणाला केला, कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर. ही मोजणी मी मुद्दाम करत नाही. ती आपोआप होते, आणि आयुष्यभर होत आली आहे. अण्णांची मात्र शेवटच्या काही वर्षांत ती थांबली होती. लिहिण्याचा मला सराव नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यापलीकडे मी फारसे काही केलेले नाही. पण ते थांबणे मी जवळून पाहिले आहे, आणि ते कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, असे दिसते.

अण्णा माझ्याहून बरेच मोठे. वडील लवकर गेल्यामुळे घरातली त्यांची जागा अण्णांनी घेतली आणि त्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसले नाही. रोह्याजवळच्या एका रासायनिक कंपनीत ते कर्मचारी विभागात होते. कंपनीत समारंभ असला की खुर्च्यांची जबाबदारी त्यांच्याकडे असे. मुंबईहून आलेले साहेब, कारखान्याचे व्यवस्थापक, युनियनचे पुढारी, सरपंच, यांत कोण कुणाच्या उजव्या हाताला बसेल, हार आधी कुणाला, नारळ कुणाला आणि नुसते फूल कुणाला, हे ते कागदावर न मांडता ठरवत, आणि ते इतके बरोबर असे की कुणाच्या लक्षातही येत नसे. खुर्ची चुकली की माणूस वर्षभर बोलत नाही, असे ते म्हणत. एकदा त्यांनी मला सांगितले होते, “खोलीत गेल्यावर कोण बोलतंय ते बघू नकोस, शालू. बोलणारा वाक्य संपवून कुणाकडे बघतो, ते बघ.” मी ते शाळेच्या शिक्षकसभेत करून पाहिले आणि नंतर मला तिथे तोंड उघडण्याचे धैर्यच होईना, कारण माझ्याकडे कुणीच बघत नव्हते.

वरच्यांना मान देण्यातही अण्णा तितकेच चोख होते. मोठ्या साहेबांचा फोन आला की ते घरातल्या घरात उभे राहत आणि बोलता बोलता सदऱ्याचे वरचे बटण लावत. वहिनी म्हणत, साहेबांना काय ते बटण दिसणार आहे? अण्णा म्हणत, मला दिसतं ना.

निवृत्तीनंतर ते पेणला राहायला गेले. काही वर्षांनी कंपनीने जुन्या माणसांचा मेळावा घेतला. मीही गेले होते. व्यासपीठावर मधली खुर्ची मोठी आणि लाल मखमलीची होती, प्रमुख पाहुण्यांसाठी. पाहुणे यायचे होते. अण्णा पहिल्या रांगेतून उठले, शांतपणे वर गेले, त्या खुर्चीत बसले, समोरची पाण्याची बाटली उघडून प्यायले आणि आमच्याकडे बघत राहिले. सभागृहात हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणाले, “घ्या, अण्णांना रिटायर झाल्यावर प्रमोशन मिळालं.” सगळ्यांना वाटले अण्णा गंमत करत आहेत. वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता. अण्णा कधीच गंमत करत नसत.

पुढे एकेक गोष्ट घडत गेली. शेजारच्या निवृत्त न्यायाधीशांना त्यांनी फाटकातूनच हाक मारून ‘तुझं पोट सुटलंय’ म्हणून सांगितले. एका अंत्ययात्रेत खांदेकऱ्यांच्या चपलांचे आवाज ऐकून हसले. जेवताना वहिनींच्या ताटातली माशाची तुकडी उचलून खाल्ली आणि वहिनी तशाच उठून दिवसभर उपाशी राहिल्या याची त्यांना दादही नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे मी जे सांगणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, की आजाराने अण्णा संत झाले. तसे नव्हते. वहिनींना विचारले तर त्या सांगतील, की मान विसरणारा माणूस लहान-थोर सगळ्यांचाच विसरतो, आणि रोज जवळ असणाऱ्याचा आधी विसरतो.

पनवेलच्या डॉक्टरबाईंनी मेंदूची चित्रे काढून घेतली. कपाळामागचा भाग हळूहळू आक्रसत होता. बोलणे आणि स्मरण बरेचसे शाबूत होते, चेहरे ओळखू येत होते. वहिनींनी विचारले, मग बिघडलंय काय? बाई म्हणाल्या, “त्यांना माणूस ओळखू येतो. तो आपल्या वर आहे की खाली, ते मात्र आता उमटत नाही.” मग त्यांनी समजावून सांगितले, की समोरच्याची पायरी आपण विचार करून ठरवतच नाही. त्याची मान, त्याचा आवाज, कोण कुणासाठी थांबतो, कोण कुणाच्या बोलण्यात बोलतो, हे सारे टिपून मेंदू क्षणार्धात निकाल देतो. आपल्याला कळते ते नंतर. आणि आपण खाली आहोत असा निकाल लागला की सगळे शरीर सावध होते.

हे ऐकताना मला आईच्या अंगणातल्या कोंबड्या आठवल्या. दाणे टाकले की कोण आधी चोच घालणार हे त्यांच्यात ठरलेले असे. नवी कोंबडी आणली की दोन-तीन दिवस रक्तबंबाळ भांडणे होत आणि मग शांतता. वर्गात मी ते मुलांना शिकवत असे, ‘प्राण्यांमधील श्रेणीव्यवस्था’ या नावाखाली, जणू ते आमच्याविषयी नव्हतेच. वर्गाबाहेर मुख्याध्यापकांची पावले वाजली की माझा आवाज खाली येत असे. खालच्या पायरीवरची ती कोंबडी मीच होते, हे मला डॉक्टरबाईंच्या खोलीत, भावाच्या मेंदूचे करडे चित्र बघताना समजले.

अशातच मधुराचे, म्हणजे अण्णांच्या एकुलत्या मुलीचे, लग्न ठरले. मुलगा तिच्यासोबत नोकरीला होता आणि त्याला सगळे ठाऊक होते. त्याच्या वडिलांना, शेठना, मात्र कुणी सांगितले नव्हते. आमचे घर आतल्या बाजूच्या भातशेतीवाल्यांचे, त्यांचे खाडीकडचे आणि मातब्बर. मानपानाच्या बाबतीत शेठ किती काटेकोर आहेत याच्या कथा पेणमध्ये आम्ही ऐकल्या होत्या. एका लग्नात पंगतीला उशिरा बोलावले म्हणून ते अख्खे वऱ्हाड घेऊन उठले होते, असे सांगत.

वहिनींच्या भावाने तोडगा काढला. लग्नाच्या दिवशी अण्णांना माझ्याकडे अष्टमीला ठेवायचे, रक्तदाब वाढला म्हणून सांगायचे आणि कन्यादान मामा-मामींनी करायचे. माणसे याहून वाईट तोडगे काढतात. सगळे गप्प होते, म्हणजे तयार होते. अण्णा तिथेच बसून शेंगा सोलत होते. मधुरा माझ्याकडे वळली. “आत्या, तू बाबांना घेऊन ये. जे व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे. लग्नानंतर शेठना कळलं, तर मी त्या घरात जन्मभर लपवाछपवी करणारी ठरेन.” मामा म्हणाले, मोडलं तर? ती म्हणाली, मग आजच कळेल ना, कुठल्या घरात चालले होते ते. आवाज तिचा स्थिर होता, पण शेंगांची टरफले ती बोटांनी चुरत होती. अण्णांना लग्नात सांभाळायचे काम माझ्यावर आले. मला नाही म्हणता येत नाही, हे त्या खोलीत सर्वांना माहीत होते.

लग्नात वधूच्या आईवडिलांनी वराचे पाय धुण्याची आमच्याकडे रीत आहे. अण्णांना ते जमेल का, ही सगळ्यांना धास्ती. म्हणून आठवडाभर आधी आम्ही पेणच्या घरात तालीम सुरू केली. वर म्हणून पाटावर बसवले मला. कसे करायचे ते दाखवण्यासाठी मधुरा आधी अण्णांना पाटावर बसवी, त्यांचे पाय परातीत घेऊन धुई आणि पुसे. मग ते माझे धूत. पहिल्या दिवशी माझा थोरला भाऊ माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने माझा घोटा धरला, तेव्हा मी पाय मागे ओढला. ते म्हणाले, “ओढू नकोस, शालू. पाणी सांडतं.” त्यांना त्यात काही विपरीत वाटत नव्हते. पाय होता, पाणी होते, धुवायचे होते. मला मात्र रात्री झोप लागेना... आपल्याला लाज वाटते ती नेमकी कशाची, याचा मी विचार करत राहिले, आणि उत्तराजवळ आले की उठून पाणी पीत असे.

नंतर नंतर क्रम उलटला. अण्णांना आता दाखवण्याची गरज नव्हती. पण आपले पाय धुऊन घेणे त्यांना आवडू लागले होते. ते आधी माझे धूत, मग स्वतः पाटावर बसत, आणि मधुरा हसत त्यांचे धुई. बोटांच्या मध्ये पण, असे ते दर वेळी बजावत. तालमीत आपण त्यांना काय शिकवतो आहोत, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

लग्न पेणलाच एका सभागृहात झाले. अण्णा नव्या टोपीत फार देखणे दिसत होते. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर. वहिनींनी पाणी ओतले, अण्णांनी जावयाचे पाय धुतले, पुसले, अगदी नीट. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तोच ते उठले, शेजारच्या रिकाम्या पाटावर बसले, धोतर जरा वर घेतले, दोन्ही पाय परातीत ठेवले आणि म्हणाले, “आता माझे.”

गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. मधुरा आत खोलीत होती. वहिनींनी तांब्या छातीशी धरला. मला पुढे व्हायला हवे होते. पण वरपक्षाच्या पाटाजवळ जाण्याचा माझा अधिकार किती, याचीच मोजणी माझ्या डोक्यात चालू होती. आणि त्याही स्थितीत मला एक दिसले. अण्णांकडे कुणी बघतच नव्हते. सगळे सभागृह शेठकडे बघत होते. शेठ लाल झाले होते, जबडा घट्ट आवळलेला. त्यांनी मान वळवली आणि ते त्यांच्या आईकडे बघू लागले.

म्हातारी पहिल्या रांगेत खुर्चीवर मांडी घालून बसली होती. तिला ऐकू कमी येते, पण दिसते सगळे. तिने अण्णांकडे पाहिले, परातीकडे पाहिले. “पानी सपला काय?” तिने विचारले. “नाय ना? मग बघतोस काय? धू त्याचं पाय.” नवरा मुलगा पाटावरून उठू लागला तशी ती त्याच्यावर खेकसली, “तू बस रं. पाटावरशी उठतान काय मधीच? बापूस हाय ना तुजा, तो धुवंल.”

शेठ उभेच होते. त्यांना असे कुणी सांगितल्याला किती वर्षे झाली असतील, कोण जाणे. मग त्यांनी वहिनींच्या हातून तांब्या घेतला, गुडघे मोडून खाली बसले आणि अण्णांच्या पायांवर पाणी ओतले. ताठ मानेने, दुसरीकडे बघत, कर्तव्य उरकावे तसे. अण्णा वाकून त्यांना म्हणाले, “बोटांच्या मध्ये पण.” मागे कुणाला तरी हसू फुटले आणि दाबले गेले. शेठ हसले नाहीत. पण पाणी बोटांच्या मध्ये गेले.

मंगलाष्टके झाली, पंगती उठल्या, लग्न मोडले नाही. पाठवणीच्या वेळी मधुराने शेठना वाकून नमस्कार केला आणि आजारपणाचे सगळे सरळ सांगितले. त्यांनी फक्त म्हटले, मला तेवां कळलं. लोक पुढे ही गोष्ट सांगताना म्हणत, बघा, अण्णांनी कशी उतरंड मोडली. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही हे मी वहिनींनाही नीट सांगू शकले नाही. उतरंड अण्णांनी मोडली नव्हती. त्यांना ती दिसतच नव्हती. आणि आम्ही जे दोनशे लोक डोळसपणे उभे होतो, त्यांच्यातला एकही हलला नाही, जोपर्यंत सगळ्यांत वरच्या माणसाने हुकूम दिला नाही. म्हातारीच्या जागी मी तेच वाक्य बोलले असते, तर? ते ऐकूच गेले नसते कुणाला...

लग्नानंतर मधुरा बाबांना अधूनमधून खाडीकाठच्या घरी नेऊ लागली. मी सोबत जात असे. त्या घराच्या ओटीवर एक रुंद झोपाळा आहे. तिथून खाडीतून जाणाऱ्या मालाच्या बार्जेस दिसतात. शेठ झोपाळ्याच्या बरोबर मधोमध बसत. घरातले खुर्च्यांवर, आलेगेले बाकावर आणि मिठागरावरची माणसे पायरीखाली उभी. अण्णा पहिल्यांदा आले, सरळ झोपाळ्यापाशी गेले आणि शेठच्या मांडीला हात लावून म्हणाले, “सरक जरा.” शेठ इतके चकित झाले की सरकले. अण्णा बसले आणि पायाने झोका देऊ लागले.

सगळेच सोपे झाले, असे नाही. अण्णा खाली उभ्या असलेल्या माणसांना वर बोलावत, “उन्हात कशाला उभा? ये की.” माणसे शेठकडे बघत आणि जागची हलत नसत. एकदा मीठ घेणारे व्यापारी बसले असताना अण्णांनी त्यांच्यासमोर शेठना विचारले, तू यांना एवढा घाबरतोस का? त्या दिवशी शेठनी मधुराला सांगितले, की व्यापारी यायचे असले की बाबांना आणत जाऊ नकोस. ती आत जाऊन रडली. पुढचे काही आठवडे अण्णा गेले नाहीत. मग शेठचाच निरोप आला. निरोप नव्हे, गाडी आली. चालकाने सांगितले, शेठनी बोलावलंय, सांच्याला झोपाल्यावर एकलं बसून कंटाललंय.

मी एकदा धीर करून शेठना विचारले, अण्णांच्या बोलण्याचा त्रास होत नाही ना? ते म्हणाले, की माझ्या ओटीवर जो येतो तो काहीतरी घ्यायला येतो, नायतर घाबरत येतो. हा बसायला येतो. एवढेच. शेवटच्या महिन्यांत अण्णांचे बोलणे जवळजवळ थांबले होते. पण झोपाळा दिसला की त्यांच्या तोंडून ते दोन शब्द येत आणि शेठ आधीच सरकलेले असत.

अण्णा गेले ते पेणच्या घरी, छातीत कफ साचून. आदल्या संध्याकाळी शेठ भेटायला आले होते ते तिथेच राहिले, म्हणून तो फोन त्यांचा होता.

दिवसकार्य झाल्यावर मागच्या आठवड्यात मी मधुराला भेटायला खाडीकडच्या घरी गेले. ऊन उतरले होते. शेठ ओटीवर होते. झोपाळ्याच्या मधोमध नव्हे, एका कडेला, साखळीला खांदा लावून. उरलेली फळी मोकळी. भार एकाच बाजूला असल्यामुळे झोपाळा तिरका होऊन झुलत होता आणि एक कडी दर झोक्याला कुरकुरत होती. मधुरा चहा घेऊन आली तेव्हा हळूच म्हणाली, की बाबा गेल्यापासून हे असेच बसतात. कडी झिजते म्हणून घरातले सांगतात, पण मध्ये सरका म्हणायची कुणाची छाती होत नाही.

ते शेठनी ऐकले असावे. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “ताई, चाळीस वरसं या गावात मला सरक म्हनणारा एकच मानूस आला. आता कोन म्हनंल?”

मग त्यांनी मोकळ्या फळीवर हात ठेवला. “बसा,” ते म्हणाले.

मी कपबशी हातात घेऊन उभी होते. व्याह्यांचा झोपाळा, त्यांच्या बरोबरीने, समोर त्यांची माणसे... मोजणी सुरू झालीही होती आणि तिचा निकाल मला ठाऊक होता. मी बाकाकडे वळले. झोपाळा तसाच तिरका झुलत राहिला, आणि अण्णांची जागा आम्ही दोघेही पुष्कळ वेळ बघत बसलो.